नांदूर मध्यमेश्वरची एक सकाळ : दहाजणांच्या पक्षीनिरीक्षण सहलीची आखणी

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात दगडी बंधारा बांधला गेला, त्यातून गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे निघाले आणि बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ तोट्याचा. पक्ष्यांना मात्र तोच हवा असतो, कारण गाळामुळे पाणी उथळ झाले, मधोमध बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती माजल्या. १९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून नांदूर मध्यमेश्वरची नोंद जाहीर झाली. नाशिककरांना हे पाणथळ दीड तासाच्या आत गाठता येते. त्यामुळे दर हिवाळ्यात कुणीतरी सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या ग्रुपवर ‘या रविवारी पक्षी बघायला जाऊ या का?’ असे विचारतो, पंचवीस जण होकार देतात आणि सगळे मिळून बगळे पाहून परत येतात. हा लेख त्या पंचवीस जणांसाठी आहे, आणि त्यातल्या पंधरा जणांना नम्रपणे पुढची तारीख देण्याचे धैर्य ज्याच्यात आहे त्याच्यासाठी तर विशेष आहे.

दिवस ठरवताना

स्थलांतरित बदके ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्चमध्ये परतू लागतात. नवख्या मंडळींना न्यायचे असेल तर डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ निवडावा. थंडी हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण पिसांचे आहे. विणीनंतर अनेक जातींच्या नर बदकांची भडक पिसे गळतात आणि काही महिने ते मादीसारखे मळकट तपकिरी दिसतात. एका नोव्हेंबरात मी मोठ्या आत्मविश्वासाने आमच्या गटाला सांगितले होते की यंदा थापट्या बदकांचे नर आलेच नाहीत, नुसत्या माद्याच आल्या आहेत. शेजारच्या एका आजोबांनी दुर्बीण न काढताच विचारले, ‘डोळे पाहिलेत का?’ पाहिले, तर निम्म्यांचे डोळे पिवळेधमक होते. म्हणजे ते नरच होते, फक्त जुन्या कपड्यांत. डिसेंबर संपता संपता हा घोळ बहुतांशी मिटतो आणि पुस्तकातल्या चित्रासारखे पक्षी समोर दिसू लागतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. कालव्यांना आवर्तन सुटले की पातळी हलते. पाणी काठोकाठ असेल तेव्हा बदके दूर मध्यभागी बसतात आणि चिखलात खाद्य शोधणाऱ्या तुताऱ्या, चिखले, पाणटिवळे यांना उभे राहायला जागाच उरत नाही. पाणी थोडे उतरून काठाचा ओला चिखल उघडा पडला की हेच पक्षी पाण्याकाठच्या निरीक्षण मनोऱ्याच्या अगदी पुढ्यात येतात. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी अभयारण्यालगतच्या चापडगावच्या स्थानिक मार्गदर्शकाला फोन करून ‘पाणी किती आहे आणि चिखल उघडा आहे का’ एवढे विचारून घ्यावे. प्रवेशशुल्क, फाटक उघडण्याची वेळ आणि कॅमेऱ्याबाबतचे नियम याच फोनवर समजतात. मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. शक्य असेल तर रविवार टाळून शनिवार घ्यावा, कारण रविवारी मनोऱ्यावर पक्ष्यांपेक्षा माणसांची गणना सोपी असते.

माणसे किती आणि कोणती

आठ ते दहा माणसे हा आकडा मी अनुभवाने धरला आहे. त्यांत निदान दोन जण असे असावेत की ज्यांना तीसएक पाणपक्षी खात्रीने ओळखता येतात, आणि या दोघांनी सकाळभर एकमेकांच्या शेजारी उभे राहायचे नाही. जाणकार एकत्र आले की आपसात बोलू लागतात आणि बाकीचे मोबाईल काढतात, हे हमखास घडते. एक जाणकार पुढे आणि एक मागे असला की प्रत्येक नवख्या माणसाच्या कानाजवळ एक सांगणारा राहतो. लहान मुले अवश्य न्यावीत. आठ-नऊ वर्षांपुढची मुले मोठ्यांपेक्षा अधिक वेळ गप्प बसू शकतात, फक्त त्यांच्या हातात काम दिले पाहिजे. मोजणीच्या वहीत रेघा ओढण्याचे काम त्यांना द्यावे.

ग्रुपवर पाठवायचा निरोप छोटा पण नेमका असावा. भेटण्याची जागा आणि वेळ, परतण्याची वेळ, गाड्यांची विभागणी, आणि अंगावर काय घालावे हे सर्व त्यात लिहावे. कपडे मातकट, खाकी किंवा गडद हिरवे असावेत. पांढरा सदरा आणि लाल जॅकेट घरी ठेवावे. निफाडची थंडी नाशिकच्या थंडीहून वेगळी आहे, हे नव्या माणसाला आवर्जून सांगावे. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे नाव वरचेवर येते, आणि उघड्या पाण्यावरचा वारा त्या आकड्यात धरलेला नसतो. कानटोपी आणि बोटे उघडी राहतील असे हातमोजे असावेत, कारण गारठलेल्या बोटांनी दुर्बिणीचे चाक फिरत नाही. टोपी, पाण्याची बाटली, भाकरी-चटणी किंवा पराठे असे न कुरकुरणारे खाणे आणि कचरा परत आणायची पिशवी एवढे सामान पुरे. कुरकुऱ्यांच्या पाकिटाचा आवाज मनोऱ्यावरून किती दूर जातो हे एकदा ऐकल्यावर कोणी पुन्हा ते आणत नाही.

दुर्बीण आदल्या रात्री जुळवावी

सहलीचा निम्मा वेळ ‘मला काहीच दिसत नाही’ या वाक्यात जातो, आणि त्याचे कारण बहुधा न जुळवलेली दुर्बीण हे असते. नवीन घ्यायची असेल तर ८x४२ घ्यावी. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. जास्त पटीची दुर्बीण चांगली असा समज आहे, पण पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि दृश्याचा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे नवख्याला त्यात पक्षी सापडतच नाही.

जुळवणी अशी करावी. प्रथम दोन्ही नळ्या जवळ-दूर करून डोळ्यांना एकच गोल दिसेल असे अंतर बसवावे. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून घ्यावेत, नसेल तर बाहेर काढावेत. मग समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी निवडून उजवा डोळा मिटावा आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरे स्वच्छ दिसेपर्यंत थांबावे. त्यानंतर डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवावी. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. ती ज्या खुणेवर थांबली ती खूण लक्षात ठेवावी. पुढे आयुष्यभर फक्त मधले चाक फिरवायचे. दुर्बीण उसनी दिली की ती कडी हलते, म्हणून परत घेताना आधी ती पाहावी.

पक्षी दुर्बिणीत पकडायची युक्तीही घरीच घोटून घ्यावी. तारेवरच्या कावळ्याकडे टक लावून पाहावे आणि नजर तसूभरही न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलावी. खाली मान घालून दुर्बीण शोधली आणि मग वर पाहिले की कावळाही हरवतो, मग लव्हाळ्यातली तुतारी तर दूरच राहिली. वीस-पंचवीस वेळा केले की हात बसतो.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, विकत घ्यायची घाई नको. चापडगावचे मार्गदर्शक स्वतःचा स्कोप घेऊन सोबत येतात आणि त्यांची नजर आपल्या भिंगापेक्षा तेज असते. गावातल्या माणसाला सोबत घेणे पक्ष्यांच्याही हिताचे आहे, कारण पाणथळ टिकले तर रोजगार टिकतो हे ज्याला ठाऊक आहे तोच पाणथळाची राखण करतो.

पहाट आणि रस्ता

जानेवारीत या भागात सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. सूर्योदयापूर्वी पोहोचलेच पाहिजे असा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. कडाक्याच्या थंडीत पाण्यावर धुके असते आणि पहिला अर्धा-पाऊण तास राखाडी पडद्यापलीकडे नुसते आवाज ऐकू येतात. साडेसातपर्यंत मनोऱ्याशी असलो तरी काही बिघडत नाही. शिवाय हा तालुका उसाचा आहे आणि उसात बिबट्याचा वावर असतो. अंधारात गाडीतून उतरून उसाच्या कडेने चालत जाऊ नये, मुलांना पुढे धावू देऊ नये, आणि लघुशंकेसाठी कोणी एकट्याने शेतात शिरू नये. हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. गावातले लोकही याच रीतीने वागतात.

गाड्या फाटकापाशी बंद कराव्यात, दारे ढकलून लावावीत, मोबाईल निःशब्द करावेत. चालताना एकामागून एक चालावे आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच दहा मिनिटे झाडीत थांबावे. बाभळींच्या आसपास धोबी, वेडे राघू, कोतवाल असे पक्षी भेटतात आणि त्यांच्यावर सर्वांच्या दुर्बिणी एकदा तपासून होतात.

मनोऱ्यावरचा पहिला अर्धा तास

या सहलीचे सारे यश या अर्ध्या तासावर अवलंबून असते, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. वर चढल्यावर कोणीही लगेच पक्ष्यांची नावे सांगू नयेत. सूर्य पाठीशी किंवा बाजूला येईल अशी जागा घ्यावी. सूर्याकडे तोंड करून पाहिले तर सगळे पक्षी काळे दिसतात आणि ओळख चुकते. मग पाच मिनिटे नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे पाहत जावे आणि समोरच्या दृश्याला खुणा द्याव्यात. उदाहरणार्थ, पाण्यात उभी वठलेली बाभूळ, पाणकणसांचा मोठा पुंजका, गवताचे बेट, मासेमारीचा बांबू आणि पलीकडच्या काठावरची पंपाची खोली. या खुणांची नावे सर्वांनी मोठ्याने नको, पण स्पष्ट म्हणून घ्यावीत. पुढे ‘तो बघा, तिकडे’ हे शब्द उच्चारायला बंदी. ‘वठलेल्या बाभळीच्या उजवीकडे, दोन हात पाणी सोडून, एकटा बसलेला’ असे सांगितले की दहाही दुर्बिणी एकाच पक्ष्यावर जातात. खूण जवळ नसेल तर घड्याळ वापरावे : मनोऱ्याचे तोंड म्हणजे बारा, डावा हात नऊ, उजवा हात तीन.

लाकडी किंवा लोखंडी मनोऱ्यावर एक जण चालला तरी स्कोपमधला पक्षी नाचू लागतो. त्यामुळे कोणी स्कोपला डोळा लावला असताना इतरांनी जागेवर उभे राहावे. स्कोपची उंची गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या डोळ्याला लावून ठेवावी, उंचांनी वाकावे. प्रत्येक वेळी तिपाई वरखाली केली तर पक्षी दृश्यातून निघून जातो. नळीला हात लावू नये, दोन्ही हात पाठीमागे बांधावेत, आणि प्रत्येकाने पंधरा सेकंद पाहून बाजूला व्हावे. पुन्हा रांगेत यायला कोणाची ना नाही.

नाव शेवटी, आधी जागा

पाणपक्षी ओळखताना नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि फसतो. त्याऐवजी पक्षी कुठे उभा आहे ते आधी पाहावे. खोल पाण्यात तरंगत मधूनच गडप होणारा असेल तर टिबुकली किंवा पाणकावळा. उथळ पाण्यात डोके खाली आणि शेपूट आभाळाकडे करून चरणारा असेल तर तलवार बदकासारखा वरवर चरणारा बदक. पोटरीभर पाण्यात स्तब्ध उभा असेल तर बगळा. त्याच पाण्यात चोच सतत दोन्ही बाजूंना फिरवत चालणारा असेल तर चमच्या. चिखलावर तुरुतुरु धावून एकदम थबकणारा असेल तर चिखल्या. तरंगत्या पानांवर लांब बोटे टाकत जाणारा असेल तर कमळपक्षी. एवढ्याने शंभराची यादी दहावर येते. त्यानंतर आकार पाहावा, आणि तो चिमणी, साळुंकी, कावळा, घार या चार मापांनी सांगावा. नंतर चोच, मग पाय, आणि सर्वांत शेवटी रंग.

मराठी नावे यात फार मदत करतात, कारण ती पाहणाऱ्याने दिलेली आहेत. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी शेकडोंच्या दिंडीने फिरतो. हळदीकुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू असते; ही जोडी एकदा पाहिली की विसरत नाही. थापट्याची चोच खरोखर थापीसारखी पसरट असते. मात्र एकाच पक्ष्याला दोन-तीन नावे असतात, जसे वारकऱ्यालाच चांदवाही म्हणतात. म्हणून गटाने सकाळी एक नाव ठरवून तेच वापरावे आणि वहीत शेजारी इंग्रजी नावही लिहावे, नाहीतर संध्याकाळी एकाच पक्ष्याच्या दोन जाती होतात.

एका पक्ष्याला दहा मिनिटे द्यावीत. आमच्या गटाने एकदा थापट्यांचा घोळका असाच पाहिला. पंधरा-वीस बदके चोची पाण्यात बुडवून एकामागे एक गोल फिरत होती, जणू घाण्याला जुंपली होती. प्रत्येकाच्या पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव मागचा गाळून घेत होता. चोचीच्या कडेला फणीच्या दातांसारखी झालर असते, तिच्यातून पाणी बाहेर पडते आणि खाद्य आत राहते. एवढ्यात लव्हाळ्यावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख किंचित वर उचलून खालून तरंगत आला. दूरवर विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा झाले, आणि थापटे मात्र गोल फिरतच राहिले. त्या सकाळी आम्ही फक्त एकेचाळीस जाती पाहिल्या. त्याच दिवशी धावपळ करणाऱ्या दुसऱ्या गटाने साठाच्या पुढे मोजल्या. मला आमची सकाळ बदलून नको आहे.

बदके झोपलेली दिसली तर निराश होऊ नये. अनेक बदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर डुलक्या घेतात. चोच पाठीच्या पिसांत असली तरी कुशीचा रंग आणि शेपटीची ठेवण दिसतेच.

मोजणी

लहान थवा एकेक मोजावा. मोठ्या थव्यात प्रथम दहा पक्षी नेमके मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठसवावे आणि तेवढा ठोकळा थव्यावर पुढे पुढे ठेवत जावे. हजारोंचा थवा असेल तर ठोकळा शंभराचा करावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि आकडे नंतरच एकमेकांना सांगावेत. फार तफावत आली तर पुन्हा मोजावे, सरासरी काढून मोकळे होऊ नये. वहीत वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता असे पाच रकाने पुरतात. पेन्सिल वापरावी, दवाने शाईचे काय होते ते मी दोन पाने गमावून शिकलो.

काय करू नये

एकदा आमच्यातल्याच एका हौशी छायाचित्रकाराने उडते पक्षी टिपण्यासाठी जोरात टाळ्या वाजवल्या. पट्टकादंबांचा सबंध थवा उठला, दोन घिरट्या घालून पलीकडे दूर उतरला आणि आमच्यासकट मनोऱ्यावरच्या सर्वांची सकाळ तिथे संपली. हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते, आणि असे प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून जाते. टाळ्या, दगड, ड्रोन आणि मोबाईलवर वाजवलेले पक्ष्यांचे आवाज यांना पूर्ण मनाई असावी, आणि ही मनाई निघण्याआधीच सांगितलेली असावी, म्हणजे तिथे कोणाला अपमान वाटत नाही. पक्षी माना वर करून एका दिशेने सरकू लागले की आपण जास्त जवळ गेलो आहोत असे समजून दोन पावले मागे घ्यावीत. घरटे दिसले तर थांबू नये, फोटो काढू नये आणि जागा ग्रुपवर टाकू नये. कोळी आणि शेतकरी यांच्या जाळ्यांतून, पिकांतून जाऊ नये; वाट विचारावी, ते सांगतात.

परतण्यापूर्वी

दहाच्या पुढे ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधले दृश्य वितळल्यासारखे दिसते. तेव्हा निरीक्षण थांबवून सावलीत बसावे, डबे उघडावेत आणि यादी वाचावी. एकाने पक्ष्याचे नाव घ्यावे आणि ज्यांनी तो स्वतः पाहिला त्यांनी हात वर करावा. एकच हात वर आला तर त्याला काय दिसले ते शब्दांत सांगायला लावावे. पटले तर नोंद ठेवावी; न पटल्यास ‘तुतारी, जात नक्की नाही’ असे सरळ लिहावे. अशी नोंद लिहिण्यात कमीपणा नाही, चुकीचे नाव लिहिण्यात आहे.

यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असल्यास गटातल्या एकानेच ती तयार करून इतरांना वाटावी. दहाजणांनी दहा स्वतंत्र याद्या केल्या तर शंभर वारकऱ्यांचे हजार होतात. मनोऱ्यावर उभे राहून केलेली नोंद आणि काठाने चालत केलेली नोंद अशा दोन याद्या ठेवाव्यात, प्रत्येकीला सुरुवातीची वेळ आणि कालावधी लिहावा. ओळखलेले सर्व पक्षी नोंदवले का, या ईबर्डच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना कावळा आणि साळुंकी लिहायचे राहिले नाहीत ना, हे एकदा पाहावे. नेमके तेच राहतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. गटाला मोजणीची गोडी लागली असेल तर पुढच्या वर्षीची तारीख त्या गणनेच्या आसपास धरावी, आणि ज्या पंधराजणांना या वेळी थांबवले होते त्यांना गाडीत बसण्यापूर्वीच निरोप पाठवावा.